विचारस्वातंत्र्य : सैल होणारी बंधने आणि आपली जबाबदारी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त सक्करदरा येथे आयोजित व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत माझ्यापूर्वी विद्वान वक्त्यांनी आपापली पुष्पे गुंफली. मी पडलो कापडाचा व्यापारी. बी.कॉम.ची पदवी घेऊन गांधीबागेतील वडिलांच्या गादीवर बसलो आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ तिथेच आहे. नावे-जमा, माप आणि भाव यापलीकडे माझा अधिकार नाही. तरीही संयोजकांनी आग्रह केला आणि विषय निवडण्याची मोकळीक दिली. मोकळीक मिळाली म्हणून मी मोकळिकीचाच विषय घेतला. वर्तमानपत्रे, रेडिओ, नाटक, आणि आता हातातील मोबाईल यांवर शासनाची जी बंधने होती, ती कशी आली, कशी सैल झाली, आणि सैल झाल्यावर आपल्यावर काय येऊन पडले, हे माझ्या अल्पमतीप्रमाणे आपल्यासमोर मांडणार आहे. शेवटी मला एक हिशेबही द्यायचा आहे. तो माझा स्वतःचा आहे.

विषय निवडण्यास आणखी एक कारण घडले. आपल्या ट्रस्टची स्थापना १९७५ सालची. त्याच वर्षी २५ जूनच्या रात्री देशात आणीबाणी जाहीर झाली आणि दुसऱ्याच दिवसापासून वृत्तपत्रांवर पूर्वनियंत्रण आले. म्हणजे ज्या वर्षी आपल्या वडीलधाऱ्यांनी एकत्र बसून मोकळेपणाने विचार करण्यासाठी ही वास्तू उभारण्याचा संकल्प सोडला, त्याच वर्षी देशात मोकळेपणाने छापण्याला बंदी होती. दोन्ही घटनांना पन्नास वर्षे झाली. एकीचा महोत्सव आपण करीत आहोत, दुसरीचे स्मरण ठेवणेही योग्य होईल.

त्या वेळी मी पंधरा वर्षांचा होतो. शाळा सुटली की दुकानात जायचे आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा वर्तमानपत्र वडिलांना वाचून दाखवायचे, हा माझा नेम. एके दिवशी वाचता वाचता वडिलांनी मला थांबविले आणि म्हणाले, "पुढचे राहू दे. बाजारभाव तेवढे वाच. आता यात तेवढेच खरे उरले आहे." वडील राजकारणी नव्हते, कोणत्या पक्षाचेही नव्हते. परंतु ज्या मालावर विश्वास नाही त्याला ते हात लावीत नसत. सरकारी शिक्का मारून आलेल्या बातमीचा भाव त्यांनी एका वाक्यात सांगितला होता.

बंधू-भगिनींनो, बंधनांचा हा इतिहास १९७५ पासून सुरू होत नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली 'दर्पण' सुरू केले तेव्हापासून मराठी वृत्तपत्र आणि सरकार यांचे नाते कधी सरळ, कधी वाकडे असे चालत आले आहे. १८७८ साली लॉर्ड लिटन यांनी देशी भाषांतील वृत्तपत्रांसाठी स्वतंत्र कायदा आणला. इंग्रजी पत्रे त्यातून मोकळी, आणि मराठी, बंगाली, हिंदी पत्रांकडून मात्र जामीन मागायचा, असा तो पंक्तिप्रपंच होता. लॉर्ड रिपन यांच्या कारकीर्दीत, १८८२ मध्ये, तो रद्द झाला. परंतु राजद्रोहाचे कलम राहिले होते. त्याच कलमाखाली लोकमान्य टिळकांना 'केसरी'तील लिखाणाबद्दल १८९७ साली दीड वर्षाची आणि १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा झाली.

१९०८ सालची ही गोष्ट पुण्या-मुंबईची म्हणून आपण ऐकतो. ती नागपूरचीही आहे. पंडित माधवराव सप्रे हे मराठी मातृभाषा असलेले गृहस्थ १९०७ पासून नागपुरातून 'हिंदी केसरी' चालवीत. १९०८ साली त्यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. घरच्या मंडळींचा जीव कासावीस झाला. वडील बंधूंच्या आग्रहापुढे त्यांना माफीनाम्यावर सही करावी लागली आणि त्यांची सुटका झाली. परंतु सुटका झाली ती देहाची. ती सही त्यांच्या मनाला अशी लागली की पुढे काही वर्षे ते सार्वजनिक जीवनापासून दूर, जवळजवळ विरक्तासारखे राहिले. त्यांनी दासबोधाचा आणि लोकमान्यांच्या गीतारहस्याचा हिंदी अनुवाद केला, पण संपादकाची ती खुर्ची सुटली. बंधनकारक कायदा माणसाला तुरुंगात घालतो, हे आपल्याला दिसते. न पटलेल्या कागदावर तो सही करवून घेतो आणि माणूस घरी परत येऊनही परत येत नाही, हे दिसत नाही. नागपूरकरांनी हे उदाहरण विसरू नये असे मला वाटते.

आता स्वातंत्र्यानंतरच्या काळाकडे वळू. येथे मला माझ्या धंद्याचा आधार घेऊ द्या. आपल्यापैकी साठी ओलांडलेल्यांना कंट्रोलचे कापड आठवत असेल. धोतर, साडी, लाँगक्लॉथ, शर्टिंग, ड्रिल या प्रकारांवर भाव छापून येत. किती माल आला, किती विकला, किती शिल्लक राहिला, याची वही अधिकाऱ्यांना दाखवावी लागे. त्यामागचा हेतू गरिबाच्या अंगावर वस्त्र यावे हा होता, आणि तो वाईट नव्हता. आम्ही व्यापारी कुरकुर करीत असू, पण सार्वजनिक हितासाठी व्यापारावर वाजवी बंधने घालण्याचा अधिकार राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमाने सरकारला दिला आहे, हे मान्य करणे भाग होते.

हाच न्याय सरकारने वर्तमानपत्रांना लावण्याचे ठरविले. १९५६ साली वृत्तपत्रांच्या किंमती आणि पृष्ठसंख्येसंबंधी कायदा झाला आणि त्याखाली १९६० साली आदेश निघाला. अमुक किंमतीला अमुकच पाने द्यायची. जास्त पाने द्यायची असतील तर किंमत वाढवायची. जाहिरातीला किती जागा द्यायची, पुरवण्या किती काढायच्या, हेही सरकार ठरविणार. कारण असे सांगितले गेले की मोठी वृत्तपत्रे स्वस्तात भरपूर पाने देतात आणि त्यामुळे लहान वृत्तपत्रे मरतात. पाहा, अगदी कंट्रोलच्या कापडासारखे! इतके पैसे, इतके वार.

या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जे वृत्तपत्र गेले ते मराठी होते. डॉ. नानासाहेब परुळेकरांनी १९३२ साली पुण्यात सुरू केलेले 'सकाळ'. त्या वेळी त्याची किंमत सात नवे पैसे होती आणि खप पन्नास हजारांच्या थोडा वर. आदेश पाळायचा तर एक तर पाने कमी करावी लागणार, नाही तर किंमत वाढवावी लागणार. पाने कमी केली तर मजकूर कमी होतो, किंमत वाढविली तर वाचक कमी होतो. दोन्हीकडून शब्दच कमी होतो.

१९६१ च्या सप्टेंबरमध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हा कायदा आणि आदेश दोन्ही घटनाबाह्य ठरविले. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती होते जनार्दन रघुनाथ मुधोळकर. ते आपल्या विदर्भाचे. अमरावतीचे रघुनाथराव मुधोळकर, जे १९१२ च्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष होते, त्यांचे हे चिरंजीव, आणि पूर्वी आपल्या नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश. त्यांनी जो भेद दाखविला तो व्यापाऱ्याने नीट समजून घेण्यासारखा आहे. घटनेने व्यवसायाच्या स्वातंत्र्यावर सार्वजनिक हितासाठी बंधने घालण्याची मुभा दिली आहे. पण भाषणस्वातंत्र्यावर कोणत्या कारणांनी बंधने घालता येतील याची यादीच घटनेत दिली आहे. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, अब्रुनुकसानी इत्यादी. त्या यादीत 'सार्वजनिक हित' असा मोघम शब्द नाही. वर्तमानपत्र हा धंदा आहे हे खरे, परंतु धंद्याचे नियमन करण्याच्या नावाखाली त्यातील शब्दाला कात्री लावता येणार नाही. लहानांना मदत करायची तर जरूर करा, मात्र त्यासाठी दुसऱ्याच्या वाचकांपर्यंत पोहोचण्यावर मर्यादा घालता येणार नाही.

मी हा निकाल प्रथम एका वकील मित्राकडून समजून घेतला तेव्हा दुकानात बसून बराच वेळ विचार करीत होतो. कापडाचा ताका आणि वर्तमानपत्राचा गठ्ठा, दोन्ही एकाच ट्रकमधून येतात. दोन्हींवर भाड्याची पावती सारखीच. तरी घटनाकारांनी या दोन मालांत फरक केला. ताका दोन वार कमी मिळाला तर माणसाचा सदरा आखूड होतो. शब्द दोन वार कमी मिळाला तर त्याला आपले काय आखूड झाले हे कळतही नाही.

यानंतर कागदाची पाळी आली. वृत्तपत्राचा कागद तेव्हा कोट्याने मिळे. १९७२ च्या धोरणात दहापेक्षा जास्त पाने काढण्यास मनाई करण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी तेही रद्द केले. पुढे आणीबाणी आली. तिच्या काळातही महाराष्ट्रातून काही स्वर उठले. डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी घेतलेली निर्भय भूमिका आपल्याला ठाऊक आहे. मिनू मसानी यांच्या 'फ्रीडम फर्स्ट' या लहानशा मासिकाचा मजकूर सेन्सॉरने अडविला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने १९७६ च्या फेब्रुवारीत, म्हणजे ऐन आणीबाणीत, सनदशीर टीका अडविण्याचा अधिकार सेन्सॉरला नाही असा निर्वाळा दिला. मोठमोठी वृत्तपत्रे वाकली असताना एका छोट्या मासिकाने हा लढा दिला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. लहान पत्रिकेला कमी लेखू नये, हे मी पुढे सांगणार आहे त्याच्याशीही याचा संबंध आहे.

१९७७ नंतर बंधने हळूहळू सैल होत गेली. त्यातील काही टप्पे सांगतो. घरात रेडिओ ठेवायचा तर पोस्टात दरवर्षी फी भरून लायसन्सच्या पुस्तिकेत नोंद करून घ्यावी लागे. आमच्या घरची ती पुस्तिका मी अजून जपून ठेवली आहे. १९८० च्या दशकात ही पद्धत बंद झाली. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ पासून आपल्या कानांवर आहे. त्याच्या जोडीला दुसरा आवाज येण्यास अर्धशतक लागले. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, ती सरकारची मक्तेदारी नव्हे, असे सांगितले. २००१ पासून खाजगी एफ.एम. केंद्रे सुरू झाली. तरी त्यांना गाणी लावण्याची मोकळीक देताना स्वतःच्या बातम्या देण्याची मोकळीक दिली गेली नाही. २०११ च्या धोरणाने एवढीच सवलत दिली की आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी ऐकवावीत. म्हणजे दार उघडले, पण साखळी लावून.

नाटकांवरील १८७६ चा इंग्रजी कायदा, ज्याच्या आधारे नाट्यप्रयोग बंद पाडता येत, तो २०१८ मध्ये पुस्तकातून गेला. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर १९१० साली बंदी आली होती, तो काळ संपून शंभर वर्षे लोटली तरी कायदा कपाटात पडून होता. त्याचप्रमाणे वृत्तपत्रे व मुद्रणालये यांच्या नोंदणीचा १८६७ चा कायदा. त्याखाली एखादे चार पानी मासिक काढायचे तरी जिल्हादंडाधिकाऱ्यांसमोर प्रतिज्ञापन करावे लागे, आणि नावाची पडताळणी दिल्लीहून. मी स्वतः आपल्या ट्रस्टच्या पत्रिकेसाठी या सर्व पायऱ्या चढलो आहे. यात कोणा अधिकाऱ्याचा दोष नव्हता, कायद्याची रचनाच तशी होती. १ मार्च २०२४ पासून त्या जागी नवा कायदा अंमलात आला. आता नाव आणि नोंदणी यांचा अर्ज संगणकावरून एकाच वेळी करता येतो, दंडाधिकाऱ्यांसमोर उभे राहावे लागत नाही, आणि बारीकसारीक चुकांसाठी असलेल्या तुरुंगवासाच्या तरतुदी बहुतांशी काढून टाकल्या आहेत. माझ्यासारख्या हौशी संपादकाला ही मोठीच सोय झाली.

मोबाईल आणि इंटरनेटच्या बाबतीतही महाराष्ट्राचे उदाहरण पुढे येते. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथील दोन तरुणींना, एकीने फेसबुकवर मुंबई बंदविषयी लिहिले आणि दुसरीने त्याला पसंती दिली म्हणून, अटक झाली. त्यातून माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम देशभर चर्चेत आले आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. कारण 'त्रासदायक' किंवा 'अतिशय आक्षेपार्ह' अशा शब्दांना माप नाही. गज कितीचा हे आधी ठरलेले नसेल तर मोजणाऱ्याच्या हाताला लागेल ते माप, हे आम्हा कापडवाल्यांना निराळे सांगायला नको. त्याचप्रमाणे केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा मजकूर खरा की खोटा हे सरकारनेच नेमलेल्या कक्षाने ठरवावे, असा २०२३ चा नियम मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्दबातल केला. आधी दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला होता. तिसरे, निर्णायक मत देणारे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर हे आपल्या नागपूर खंडपीठात अनेक वर्षे वकिली केलेले. १९६१ चे मुधोळकर आणि २०२४ चे चांदूरकर, हा योगायोग विदर्भाला भूषणावह आहे.

सर्व काही मोकळे झाले असा मात्र याचा अर्थ नव्हे. राजद्रोहाच्या जुन्या कलमाचा वापर सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्थगित केला आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय दंडसंहितेच्या जागी न्याय संहिता आली. तीत राजद्रोह हा शब्द नाही, पण कलम १५२ आहे. नाव गेले, आशय किती गेला, याविषयी कायदेपंडितांत मतभेद आहेत. बंधन कधी एका दारातून जाते आणि दुसऱ्या दारातून परत येते. म्हणून जागे राहणे हेच नागरिकाचे काम.

आता आपल्यापैकी काहीजणांच्या मनात जो प्रश्न आला असेल तो मीच विचारतो. बंधने सैल झाली तर अफवांचे काय? हा प्रश्न सक्करदऱ्यात बसून विचारला जातो तेव्हा तो पुस्तकी राहत नाही. १७ मार्च २०२५ च्या रात्री महाल भागात हिंसाचार झाला आणि शहरातील अनेक पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. त्यात आपले सक्करदराही होते. दुकाने बंद, रस्ते सुने, आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल. कोणाचे चुकले याचा निवाडा करण्याचे हे व्यासपीठ नव्हे आणि माझा तो अधिकारही नाही. पण त्या दिवसांतील माझ्या हातून घडलेली एक गोष्ट मी आपल्याला सांगणार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापाऱ्यांच्या एका गटावर मला संदेश आला की आपल्याच भागातील एका चौकात दुकानांना आग लावली. मी घाबरलो आणि तो आपल्या ट्रस्टच्या सभासदांच्या गटावर पुढे पाठविला. हेतू एवढाच की आपली माणसे घराबाहेर पडू नयेत. दहा मिनिटांनी एका तरुणाने, जो त्या चौकाशेजारीच राहतो, खिडकीतून काढलेले छायाचित्र पाठविले. चौक शांत होता. एक कुत्रे झोपले होते. मी संदेश काढून टाकला, परंतु तोवर आपल्यापैकी किती जणांनी तो पुढे पाठविला असेल याचा हिशेब मला आजही लागलेला नाही. मापात एक सूत कमी-जास्त होऊ नये म्हणून आयुष्यभर गज हातात धरलेला मी, आणि न पाहिलेल्या आगीची बातमी बोटाच्या एका टोकाने वाटून मोकळा झालो.

म्हणजे मग बंधने पुन्हा घट्ट करावीत काय? मी यावर पुष्कळ विचार केला. त्या सकाळी माझी चूक कोणी सुधारली? सरकारी कक्षाने नव्हे. खिडकीपाशी उभ्या असलेल्या एका तरुणाने, ज्याला छायाचित्र पाठविण्याची मोकळीक होती. तोंड बांधले असते तर अफवेचेही बांधले गेले असते असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात अफवा कानोकान जाते, तिला परवानगी लागत नाही. परवानगी लागते ती खऱ्या बातमीला. १९७५ मध्येही अफवा भरपूर होत्या, कमी होती ती बातमी. जो जाणूनबुजून चिथावणी देतो त्याला घटनेने सांगितलेल्या कारणांखाली, न्यायालयासमोर, जरूर शिक्षा व्हावी. पण बोलण्याआधीच सर्वांच्या तोंडावर हात ठेवणे हा त्यावरील उपाय नव्हे.

आता मी हिशेबाच्या दुसऱ्या बाजूकडे येतो. बोलताना मी सतत सरकार, सरकार म्हणत आहे. परंतु नियंत्रणाला दोन हात असतात. एक शासनाचा, दुसरा समाजाचा. आपल्या समाजाचाच इतिहास पाहा. सोलापूरचे सेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'जैन बोधक' सुरू केले. त्या काळात आपली शास्त्रे छापणे हा अविनय आहे, असे मानून छपाईला कडाडून विरोध करणारे आपलेच बांधव होते. इंग्रज सरकारने आपल्या ग्रंथांवर बंदी घातली नव्हती. बंदी आपल्याच घरातून येत होती. आज ज्या छापील ग्रंथांवरून आपण स्वाध्याय करतो, ते ज्यांनी रोष पत्करून छापले त्यांचे ऋण आपल्यावर आहे.

ही जुनी गोष्ट झाली. आता नवी सांगतो. १९९८ साली मी आपल्या ट्रस्टचा कोषाध्यक्ष होतो आणि पत्रिकेचे संपादनही माझ्याकडे होते. स्वाध्याय भवनाचे बांधकाम चालू होते. एका वृद्ध सभासदांनी पत्रिकेत छापण्यासाठी एक पत्र दिले. ते एका गिरणीतून निवृत्त झालेले, अगदी साधे गृहस्थ. पत्रात आरोप नव्हता. लोखंड आणि सिमेंटच्या बिलांचा तपशील सर्वसाधारण सभेत वाचून दाखवावा, इतकीच विनंती होती. मी ते पत्र छापले नाही. समाजाची शोभा जाईल, देणगीदार बिचकतील, पर्युषण जवळ आले आहे, अशी कारणे मी स्वतःला दिली आणि पत्र टेबलाच्या खणात ठेवले. त्यांनी दोनदा विचारले. दोनदा मी "पुढच्या अंकात" असे म्हणालो. तिसऱ्यांदा त्यांनी विचारले नाही.

तीन वर्षांनी जुने कागद लेखापरीक्षकांकडे गेले तेव्हा लोखंडी सळ्यांचे एक बिल दोनदा नोंदले गेले असून त्याचे पैसे दोनदा दिले गेल्याचे निघाले. त्यात कोणाचा अपहार नव्हता. नोंद माझ्या हातची होती आणि चूकही माझीच. पैशाची बरीचशी वसुली झाली. परंतु त्या पत्रात जे विचारले होते ते वेळीच वाचून दाखविले असते, तर ही चूक त्याच सभेत पकडली गेली असती. मी बी.कॉम., आणि ती चूक दिसली ती एका गिरणी कामगाराला. हे त्यांना सांगून त्यांची क्षमा मागण्याचे मी ठरविले, तोवर ते निवर्तले होते. दरवर्षी क्षमावाणीला मी हात जोडून सर्वांची क्षमा मागतो. त्या एका माणसापाशी मात्र ती पोहोचत नाही. आज आपल्या सर्वांसमोर, या स्मरणिकेच्या पानावर ते नोंदून ठेवण्याची परवानगी असावी.

आता सांगा, माझ्यात आणि १९७५ च्या सेन्सॉरमध्ये फरक किती? त्याच्याजवळ शिक्का होता, माझ्याजवळ खण होता. त्यालाही देशाच्या शोभेची काळजी होती, मलाही समाजाच्या. मी दडपले ते खरे निघाले आणि मी पसरविले ते खोटे निघाले. या दोन नोंदी एकाच माणसाच्या वहीत आहेत. म्हणूनच काय छापावे आणि काय छापू नये हे ठरविण्याचा अधिकार कोणा एकाकडे, मग तो शासनाचा अधिकारी असो वा ट्रस्टचा कोषाध्यक्ष, असू नये असे मी अनुभवाने म्हणतो.

आपल्या परंपरेने यासाठी फार पूर्वी मार्ग दाखविला आहे. वस्तूला अनेक बाजू असतात आणि मला दिसते ती एक बाजू आहे, असे अनेकान्त शिकवितो. ज्याला हे मान्य आहे त्याला दुसऱ्याचे तोंड बंद करता येत नाही, कारण उरलेल्या बाजू त्याच्याच तोंडून कळायच्या असतात. त्याचबरोबर भाषा समितीही आपल्यालाच सांगितली आहे. हितकर, मोजके आणि संशयरहित बोलावे. पहिली शिकवण दुसऱ्यासाठी आहे, दुसरी स्वतःसाठी. दुसऱ्याला मोकळीक द्यावी आणि स्वतःच्या जिभेला, आता बोटालाही, आवर घालावा. आपण पुष्कळदा याच्या नेमके उलट करतो.

भाषण संपविण्यापूर्वी विश्वस्त मंडळाला माझी नम्र सूचना आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षापासून आपल्या पत्रिकेत 'सभासदांची पत्रे' असे एक पान कायम असावे. पत्र सही करून दिलेले असावे, त्यात कोणाची नालस्ती नसावी, आणि ट्रस्टच्या कारभाराविषयी प्रश्न असेल तर त्याच्या शेजारीच विश्वस्तांचे उत्तर छापावे. पत्र छापायचे नसेल तर का छापले नाही ते पत्रलेखकाला महिन्याच्या आत लेखी कळवावे. याला शासनाची परवानगी लागत नाही. नव्या कायद्याने तर आपले काम आणखी सोपे केले आहे. अडथळा असेल तर तो आपल्याच खणात आहे.

माझ्या खणात ते जुने पत्र अजून आहे. कागद पिवळा पडला आहे, पण अक्षर सुवाच्य आहे. मंडळाने ही सूचना स्वीकारली, तर त्या पानावरचे पहिले पत्र म्हणून, त्यांच्या कुटुंबीयांची संमती घेऊन, ते छापावे आणि त्याच्या शेजारी उत्तर लिहिण्याचे काम मला द्यावे. उत्तरास सत्तावीस वर्षे उशीर झाला आहे, हे मी त्यात प्रथम लिहीन.

 बोलण्यात काही उणे-अधिक झाले असल्यास उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.